वरच्या जबड्याचे दोन साचे

नाना, यंदा खडक हलला.

ऑफिसात गेले दोन महिने मी हीच गोष्ट सभ्य शब्दांत सांगतेय. अहवालात 'संदर्भबिंदू अस्थिर आढळला' असं लिहिलंय आणि ते वाचून कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडलेली नाही. तुमच्यापुढं असं बोलून भागायचं नाही. मलकपेठेच्या दवाखान्यात कुणी दाराशी येऊन 'जरा तकलीफ है' म्हणालं की तुम्ही लगेच विचारायचात, जरा म्हंजे किती, कुठं, आन् कधीपासून? म्हणून मी आधीच सांगून टाकते. किती, तर वीतभर. कुठं, तर हिमनदीच्या डाव्या काठाला. आणि कधीपासून, ते शोधण्यात माझा सगळा पावसाळा गेला.

तुम्ही होता तोवर माझं काम खुर्चीतलं होतं. उपग्रहानं वरून काढलेली हिमालयाची चित्रं संगणकावर लावायची आणि बर्फाची कड मागच्या वर्षापेक्षा किती मागं सरली त्याच्या रेघा मारायच्या. एकदा तुम्ही माझ्या पाठीमागं उभं राहून बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "पण हात लावून कोण बघतं?" मी हसले. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी त्या चित्रांतून एका प्रश्नाचं उत्तर मिळेना, आणि मला बूट चढवून हात लावून बघायलाच जावं लागलं. प्रश्न साधा होता. शेजारशेजारच्या दोन हिमनद्या, ऊन तेच, उंची तीच, मग एक दुसरीपेक्षा लवकर का वितळते? वरून दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. जवळ गेलं की कळतं. जूनमध्ये बर्फ नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा सपाट असतो. सप्टेंबरात त्याच जागी गुडघाभर उंचवटे असतात, खळगे असतात, काळ्या धुळीनं तापून पाडलेली बोटबोट खोल भोकं असतात. सपाट बर्फावरून वारा सरळ निघून जातो. खडबडीत बर्फावर तो अडखळतो, घुटमळतो आणि आपली ऊब तिथं सोडून जातो. म्हणजे बर्फ वितळतो म्हणून त्याचा आकार बदलतो हे खरंच, पण आकार बदलतो म्हणून तो आणखी वितळतो हेही तितकंच खरं. तो आकार मोजणं हे माझं गेल्या आठ वर्षांचं काम. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा बर्फाचा एक तुकडा आहे. त्याच्याभोवती फिरून लांब काठीवर लावलेल्या कॅमेऱ्यानं सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि ते जुळवून संगणकात त्या तुकड्याचा हुबेहूब पृष्ठभाग उभा करायचा. जूनमध्ये एकदा, सप्टेंबरात एकदा. मग एकावर एक ठेवून बघायचं, कुठं किती गेलं. तुकड्यावर पाय कुणी ठेवायचा नाही, हा माझा नियम. मोठमोठे साहेब आले तरी मी त्यांना दोरीबाहेर उभं करते आणि ते माझ्याकडं रागानं बघतात.

आता यात अडचण अशी की बर्फावर स्थिर असं काहीच नसतं. सगळी हिमनदीच उताराला सरकत असते. त्यावर रोवलेली काठी सरकते, मी उभी असते ती जागासुद्धा सरकते. म्हणून काठाच्या खडकात भोकं पाडून तीन लोखंडी बोल्ट बसवलेले आहेत, आणि बर्फाची सगळी मापं त्या तिघांपासून घेतलेली आहेत. दोन बोल्ट उजव्या कड्याच्या पायथ्याशी आणि एक डावीकडं, एका खोलीएवढ्या मोठ्या खडकात. तो खडक बघून कुणालाही वाटेल की हा जगाच्या सुरुवातीपासून इथंच बसलाय. यंदा जूनमध्ये मी त्या तीन बोल्टांमधली अंतरं मोजली. उजवीकडच्या दोघांमधलं जसंच्या तसं. डावीकडच्यापासूनची दोन्ही बदललेली. मी पुन्हा मोजली. आधी यंत्रावर चिडले, मग मोजणाऱ्यावर चिडले, आणि मोजणारी मीच असल्यामुळं तिथं फार वेळ चिडता आलं नाही. त्या खडकाच्या बुडाशी जाऊन आम्ही दगडगोटे उपसले तेव्हा खाली काळपट ओला बर्फ लागला. जमिनीतून वर आलेला खडक नव्हताच तो. कधीकाळी वरून येऊन मातीखाली दबलेल्या जुन्या बर्फावर बसलेला एक मोठा धोंडा होता, आणि आता तो बर्फ खालून वितळत होता. आठ वर्षांच्या मापांचा तिसरा पाय त्या धोंड्यावर टेकलेला. त्या रात्री तंबूत मला झोप आली नाही आणि आठवले ते तुम्ही, आणि तुमचे ते घोड्यांवाले साहेब.

तुम्हाला ते आठवत असणारच. रेसकोर्सवर घोडे तयार करायचे. पांढऱ्या भरघोस मिशा, आवाज असा की दवाखान्याबाहेर पानवाला सावरून बसायचा. मी शाळेतून आले होते आणि आतल्या बाकावर बसून गृहपाठ करत होते. ते आत आले, खिशातून रुमालात बांधलेली कवळी काढली आणि तुमच्या टेबलावर ठेवली. "डॉक्टर साब, ये दांतां बडे हो गए जी. मुँह में बैठतेच नहीं. जरा घिस के देओ." तुम्ही कवळी उचलून पाहिली, त्यांच्या तोंडात बोट फिरवलंत आणि म्हणालात, "दांतां वइच हैं साब. मुँह छोटा हो गया आपका." ते केवढ्यानं भडकले! "मेरा मुँह कैकू छोटा होता? जिंदगीभर घोडों पे चिल्लाया मैं!" मला हसू दाबता येईना आणि तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की माझं हसू आतल्या आत जिरलं. मग तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत की दात गेले की खालचं हाड हळूहळू झिजत जातं, हिरडी खाली बसते, दरवर्षी थोडी थोडी. कवळी तेवढीच राहते आणि तोंड तिच्याखालून निघून जातं. घासून दिली तर आज बरं वाटेल आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडं टोचेल. माप नवं घ्यावं लागेल. आणि माप घ्यायच्या आधी दोन दिवस कवळी तोंडात घालायची नाही. दाबलेली हिरडी खरा आकार सांगत नाही, तिला मोकळी सोडली की ती मूळ जागी येते. त्यांच्या घरी त्याच आठवड्यात लग्न होतं. पाहुण्यांसमोर बिनदातांचं बसायचं? ते ओरडले, विनवण्या केल्या, पुन्हा ओरडले. "नक्को," तुम्ही म्हणालात. "दो दिन मुँह खाली रखो. फिर आओ." ते पाय आपटत गेले. तिसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल धरून आले आणि मुकाट्यानं खुर्चीत बसले.

तुमच्या दवाखान्यात टेबलावर औषधांच्या बाटल्यांशेजारी एक काचेची बरणी असायची आणि त्या बरणीत सकिनालू. नल्लकुंट्यातल्या आपल्या शेजारीणबाई संक्रांतीला करायच्या, तांदळाच्या पिठाची ती तिळाची कडक कडी, आणि तुमच्यासाठी म्हणून वर्षभर अधूनमधून घाणा काढायच्या. नवी कवळी बसवली की तुम्ही आरसा दाखवायच्या आधी पेशंटच्या हातात एक सकिनालू ठेवायचात. "काटो." आणि डोळे मिटून आवाज ऐकायचात. कट्ट असा एकच आवाज आला तर माणूस घरी जायचा. कवळी जरा उचलली तर तो आवाज दोन तुकड्यांत यायचा, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. घोड्यांवाल्या साहेबांनी चावलं तेव्हा एकच आवाज आला. त्यांनी डोळे मोठे केले, दुसरं उचललं, तिसरं उचललं, आणि बरणी काखोटीला मारूनच गेले. बरणी परत आली नाही. आईनं तुम्हाला महिनाभर त्यावरून चिडवलं.

आईला मात्र साच्यांचा राग होता. प्रत्येक पेशंटच्या मापाचा प्लास्टरचा साचा तुम्ही जपून ठेवायचात, नवा घेतला तरी जुना टाकायचा नाही, आणि दवाखान्यात जागा पुरेना म्हणून ते नल्लकुंट्याच्या घरात शिरले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन चांगलं यायचं, म्हणून ओले साचे तिथं वाळत. "लोकांची तोंडं माझ्या ओट्यावर नकोत," आई म्हणायची. "हौ, उचलतो," तुम्ही म्हणायचात आणि उचलायचा नाहीत. रविवारी दुपारी आई निजली की तुम्ही मला ओट्यापाशी स्टुलावर बसवता, डोळे मिटायला लावता आणि एकाच माणसाचे दोन साचे माझ्या दोन हातांत देता. बोट फिरव. आता सांग, आधीचा कुठला? मी अंगठा फिरवते. एकाचा उंचवटा ठसठशीत, अंगठा त्यावर चढतो. दुसऱ्यावर अंगठा नुसताच पुढं जातो. "हा आधीचा." "कशावरून?" "ह्यात अजून आहे." तुम्ही काही शाबासकी देत नाही, पुढची जोडी काढता. शाबासकी देणं तुमच्या स्वभावात नव्हतं, जवळ घेणंही नव्हतं. परीक्षेत पहिली आले तेव्हा तुम्ही माझा हात हातात घेऊन हलवला होतात, एखाद्या सहकाऱ्याचा हलवावा तसा. मला त्याचं तेव्हा वाईट वाटायचं. आज उगाच बरं वाटलं असं म्हणणार नाही. वाईटच वाटायचं.

आणि रागावलात ते एकदाच. मी कॉलेजात होते, सुट्टीत दवाखान्यात येऊन बसायची. एक म्हातारी बाई आली, घट्टे पडलेल्या हातांची, कर्नूलकडची. टोचणाऱ्या कवळीनं चार दिवस जेवली नव्हती. तुम्ही तिलाही तेच सांगितलंत, दोन दिवस रिकामं तोंड आणि मग माप. ती गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, थोडं घासून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, आज ती जेवली असती. तुम्ही हात धुत होता. नळ बंद केलात. "तिनं चार दिवस खाल्लं नाही हे मला दिसतंय," तुम्ही म्हणालात. "पण तोंड तुझ्या दयेनं बदलत नाही, आन् माझ्या सोयीनंबी नाही. जे आहे ते मोज. आधी होतं ते नाही, आपल्याला पायजे ते तर नाहीच नाही." मग मला तुमच्या डब्यातला वरणभात त्या बाईला देऊन यायला पाठवलंत. ती अजून बसथांब्यावरच होती. तुम्ही त्या दिवशी दुपार चहावर काढलीत आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

तर नाना, ऑफिस. खडक कधीपासून हलतोय ते मला कळायलाच हवं होतं. नाही तर आठही वर्षं संशयात गेली असती. नशिबानं जुन्या फोटोंत ते तिन्ही बोल्ट कुठं ना कुठं दिसत होते. मी पहिल्या वर्षापासूनचे सगळे फोटो पुन्हा काढले आणि प्रत्येक मोसमात तिघांमधली अंतरं नव्यानं मोजली. पहिली पाच वर्षं खडक जागच्या जागी होता. तेवढी मापं वाचली. पुढं तो हलू लागला होता. आधी नखाएवढा, मग बोटाएवढा, मग वीतभर. हलायला लागला त्यानंतरच्या मापांना तिसरा पाय दुसरा शोधायला हवा होता. तो मिळाला उजव्या कड्यात. काळ्या खडकात पांढऱ्या दगडाच्या शिरा आहेत, आकाशाच्या कडेला फोटोंत त्या दिसतात. कड्याच्या खाली बर्फ नाही, तो डोंगराचाच भाग आहे, हे यावेळी मी गृहीत धरलं नाही, तपासलं. त्या शिरा धरून एकेक मोसम पुन्हा उभा केला. डोळ्यांची आग व्हायची. घरी येऊन कुकर लावायचा आणि परत बसायचं. एक मोसम मात्र उभा राहीना. गेल्या सप्टेंबरात धुकं होतं, कडा एकाही फोटोत नाही. नुसता तुकडा, दोन बोल्ट, आणि हललेला तिसरा. तो मोसम गेला. तिथं मी रिकामी जागा ठेवली.

आमचे वरिष्ठ चांगले आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. सिकंदराबादला राहतात, सकाळी माझ्याआधी येतात. त्यांनी आलेख बघितला आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मॅडम, ये खाली कैकू? कमिटी के सामने खाली जगा अच्छी नहीं दिखती. सॉफ्टवेअर को बोलो, आगे-पीछे के बर्फ पे बिठा देगा." तसं करता येतं, नाना. हललेला पृष्ठभाग आदल्या पृष्ठभागावर बसवायचा, यंत्र तो असा काही सरकवून देतं की दोन्ही जुळतात आणि रेघ सरळ पुढं जाते. फक्त बर्फ खरंच किती गेला ते त्यात कायमचं बुजतं. मी म्हटलं, "सर, वो घिस के बिठाना हुआ." त्यांना अर्थातच कळलं नाही. "लाइट लो मॅडम," ते म्हणाले, "एकच तो सीझन है." पुढच्या आठवड्यात कमिटी बसणार होती आणि प्रकल्प पुढं चालवायचा की गुंडाळायचा ते ठरणार होतं. खडकाची भानगड त्यांच्या कानावर गेलीच होती. रिकामी जागा दाखवली तर सगळ्यावरच पाणी फिरेल, आठ वर्षांचं काम फायलीत जाईल, अशी भीती वरिष्ठांना होती, आणि खरं सांगते, मलाही होती. पन्नाशी जवळ आली, गुडघा उतारावर कुरकुरतो. आता थांबलं तर दुसरं कुणी त्या तुकड्यापाशी जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण जागा मी रिकामीच ठेवली. जिथं माप नाही तिथं माप नाही.

कमिटीनं मला दीड तास उभं केलं. रिकाम्या जागेवर अपेक्षेप्रमाणं बोट गेलं. मी सांगितलं, इथं मला माहीत नाही, आणि का माहीत नाही ते असं असं. एक बाई होत्या, कडक, पांढरे केस कापलेले. त्या म्हणाल्या, रिकाम्या जागेचं मला काही नाही, मला भरलेल्या जागांचं सांगा. त्या खऱ्या कशावरून? तुमची पद्धत नेमका केवढा फरक पकडते, ते टेबलावर, माझ्यासमोर दाखवा. दोन दिवसांनंतरची वेळ दिली. मला दोन वस्तू हव्या होत्या, जवळजवळ सारख्या, पण ज्यांच्यात थोडासा फरक आहे हे मला आधीच ठाऊक आहे अशा. असा जोड घरात होता, नाना. त्याच्याबद्दलच लिहायचं होतं, पण आधी हे सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही पुढं ऐकलं नसतंत.

तुमचा शेवटचा हिवाळा. आजारानं तुमचा चेहरा उतरत चालला होता, गाल आत गेले होते, आणि बोलताना वरची कवळी सुटून जिभेवर पडायची. दातांच्या डॉक्टरला स्वतःचे दात नाहीत यावरून आईनं तुम्हाला आयुष्यभर चिडवलं, पण त्या दिवसांत ती चिडवत नव्हती. तुम्ही म्हणालात, नवी कवळी करायची. आई म्हणाली, आता कशाला हा खटाटोप, पेज पिताय ना? "पेज पितो म्हणून तोंड गेलं का माझं?" तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं वळलात. "तू घे माप." मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे? "दिवसभर मापंच घेतेस ना? घे." स्वतःचा नियम तुम्ही स्वतःवर काटेकोर पाळलात. दोन दिवस कवळी पाण्याच्या वाटीत, आणि तुम्ही बोळक्या तोंडानं सगळ्यांना हुकूम सोडत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या खुर्चीत बसलात, कारण खिडकीचा उजेड तिथं चांगला. मी रबरी वाटीत ती गुलाबी पावडर पाण्यात घोटतेय, तुम्ही वाटीकडं बघून बोटानं सांगताय, अजून, अजून, बस. मापाचा ट्रे भरला. वरच्या जबड्याचं माप मागं उभं राहून घ्यायचं असतं हे मला तुम्हीच सांगितलंत. मी मागं येते, हात तुमच्या डोक्याभोवतून पुढं नेते, ट्रे टाळूला लावून दोन्ही बाजूंनी बोटं धरते. तुमचं डोकं माझ्या पोटाशी टेकतं. किती हलकं झालंय ते मला तेव्हा कळतं. तुम्हाला बोलता येत नाही आणि मला हलता येत नाही. तुमच्या नाकातून येणारा श्वास माझ्या मनगटावर लागतोय. बाहेर कुकर दुरुस्तीवाला ओरडत जातो. आई दाराशी उभी आहे, आत येत नाही. पावडर घट्ट होते. मी ट्रे काढते.

तुम्ही चष्मा लावलात, ठसा खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलात. आडवा, उभा, उलटा. "हलला हात," तुम्ही म्हणालात. "हा टाकून दे. पुन्हा घे." मी पुन्हा पावडर घोटली. पुन्हा मागं उभी राहिले, पुन्हा तुमचं डोकं माझ्या पोटाशी. यावेळी तुम्ही डोळे मिटले होते. दुसरा ठसा तुम्ही नुसता एकदा पाहिलात आणि मान हलवलीत. कवळी झाली, बसली. तुम्ही सकिनालू चावलंत, कट्ट असा एकच आवाज आला, आईनं डोळ्यांना पदर लावला. तीळ ओठाला चिकटला होता. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत, पण जेवढे राहिलात तेवढे चावून जेवलात.

परवा मी तुमचे ते दोन्ही साचे पिशवीत घालून ऑफिसात नेले. वरंगलकडची एक सहकारी आहे माझ्या शेजारच्या टेबलावर, कॅमेऱ्याचं सगळं तीच बघते. तिनं साचा फिरवून पाहिला. "मॅम, ये किसके दांतां हैं? दांतां तो हैइच नहीं." मी म्हटलं, माझ्या वडिलांचे. आम्ही दोन्ही साच्यांचे भोवतीनं फोटो काढले, बर्फाचे काढतो अगदी तसेच, आणि कमिटीच्या त्या बाईंसमोर एकावर एक ठेवले. फरक नसेल तिथं पांढरं दिसतं, वर आलेलं असेल तिथं लाल, खाली गेलेलं असेल तिथं निळं. मी बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की यातल्या एकात हात हललेला आहे, बघा, आपली पद्धत तो दाखवते की नाही. सगळं पांढरं आलं. ट्रेच्या कडेला थोडं इकडंतिकडं, ते असणारच. पण हिरडीचा उंचवटा पांढरा, टाळू पांढरी. बाई म्हणाल्या, मग तुमची पद्धत फरक पकडत नाही म्हणायची. सहकारीनं तिच्या डब्यातलं सकिनालू काढलं, त्यावरचा एक तीळ खरवडून साच्याच्या मध्यावर चिकटवला आणि पुन्हा फोटो काढले. तीळ लालभडक दिसला, त्याचं टोक कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा दिसलं. बाईंनी आपला चष्मा काढला, पुसला, आणि कागदावर सही केली. आणखी दोन वर्षं मिळाली आहेत, नाना. रिकामी जागा रिकामीच छापली जाईल. सप्टेंबरात मी वर जातेय. नवे बोल्ट कड्यात, पांढऱ्या शिरांजवळ बसवायचे आहेत, चढ वाईट आहे आणि गुडघ्याला पट्टा बांधून जाणार आहे. यंदा अंतरं मी जाताना मोजीन, येताना मोजीन, आणि दोरीआत कुणाला पाय ठेवू देणार नाही.

तो पहिला ठसा तुम्ही टाकून द्यायला सांगितला होता. मी टाकला नव्हता, त्यातही प्लास्टर ओतलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणि माझा हात हलला नव्हता. उजेडात धरून तुम्ही तो इतका वेळ पाहिलात. जन्मभर मापं घेतलेल्या माणसाला ते कळलं नसेल, हे मी मानायला तयार नाही. मग पुन्हा का घ्यायला लावलंत, ते विचारायलाच मी आज लिहायला बसले. पण हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा विचारतही नाही. ऑफिसातून निघताना सहकारी साचे कागदात गुंडाळून देत होती. "मॅम," ती म्हणाली, "दोनों एकदम सेम हैं. फिर दो बार कैकू लिए?"

मी म्हटलं, पहिल्यांदा हात हलला होता. दोन महिन्यांत ऑफिसात मी खोटं बोलले ते तेवढंच.